दिवाकरचं तिसरं कडवं

मित्र म्हणतात, तुझ्याकडे किस्से भारी आहेत. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. मी आयुष्यात एकही किस्सा जमवलेला नाही. मी फक्त चिडलो. चिडलो की घरी, शाळेत, पानठेल्यावर, भेटेल त्याला सांगत सुटलो, आणि ऐकणारे हसत गेले. लोक पुरेसे हसले की तक्रारीचा किस्सा होतो, एवढंच मला कळलंय. माझ्या तक्रारी खूप, म्हणून किस्सेही खूप. त्यातले निम्मे दिवाकरचे आहेत.

दिवाकर हिंगण्याला एका कारखान्यात फिटर होता. स्वतः गाणी लिहायचा, स्वतः चाल लावायचा आणि गिटार घेऊन स्वतःच म्हणायचा. आवाज इतका मऊ की पहिल्या रांगेतल्यांना गप्पा थांबवाव्या लागत. आमच्याकडे गाणाऱ्याचा आवाज चौकापर्यंत गेला पाहिजे अशी पद्धत, त्यात हा असा! मी सक्करदऱ्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचो आणि दिवाकरच्या मागे अकॉर्डियन वाजवायचो. गजू बोंगो वाजवायचा आणि उरलेल्या वेळात माझी टिंगल करायचा. ही आमची पार्टी. कोणी ऑर्केस्ट्रा म्हणालं तर गजू हात जोडायचा.

आता ज्याच्याशी मी भांडायचो तो माणूस, बिसनभाऊ. त्याचं रेकॉर्डिंग सेंटर होतं. ऐंशीनंतरची ती वर्षं. लोक आवडत्या गाण्यांची चिठ्ठी आणि कोरी कॅसेट घेऊन त्याच्याकडे यायचे आणि तो ती भरून द्यायचा. बाजू अर्ध्या तासाची. सिनेमाची गाणी काही मोजून मापून अर्ध्या तासात बसत नाहीत. शेवटी दोन-तीन मिनिटांची टेप उरायची आणि गिऱ्हाईक भांडायचं, पूर्ण कॅसेटचे पैसे घेतले, मग ही रिकामी काहून?

बिसनभाऊने तोड काढली. आम्ही त्याच्याच दुकानात दिवाकरची गाणी टेपच्या एका मोठ्या रिळावर म्हणजे स्पूलवर उतरवून ठेवली होती. उरलेल्या टेपवर तो दिवाकर टाकू लागला. कोणी मागितलेला नसताना दिवाकर अर्ध्या नागपूरच्या घरात गेला. ऐकून बरं वाटलं ना? मलाही वाटलं होतं. मग एकदा मी एक कॅसेट शेवटपर्यंत ऐकली. दुसरं कडवं संपता संपता टेप संपली आणि बटण खट्‌कन वर आलं.

तिसरं कडवं गायब. प्रत्येक कॅसेटमध्ये गायब!

आणि दिवाकरचं सगळं गाणं तिसऱ्या कडव्यात असायचं. पहिली दोन गोड, हलकी, कोणालाही आवडतील अशी. तिसऱ्यात तो खरी गोष्ट सांगायचा आणि पहिली दोन कडवी उलटीपालटी व्हायची. मी दुकानात जाऊन बिसनभाऊला हे समजावलं. टेबलावर हात आपटून समजावलं. त्याने शांतपणे हेडफोन काढला.

"मास्तर, त्याले सांगा ना दोन कडव्यात काम आटपाले. तिसऱ्याले मी टेप कुठून आणू?"

*

दिवाकरच्या कारखान्याच्या बसचा ड्रायव्हर हौशी होता. सकाळच्या पाळीची बस निघाली की तो टेप लावायचा. एका बाजूच्या शेवटी दिवाकरचं गाणं होतं. बसभर कामगार डबे मांडीवर घेऊन ते गुणगुणायचे. दिवाकर मागच्या सीटवर बसलेला असायचा, पण हे आपलंच गाणं आहे हे त्याने कोणालाही सांगितलं नव्हतं. का सांगितलं नाही, म्हणून मी त्याच्यावरही चिडलो होतो.

एक दिवस टेप संपली, बटण वर आलं, बस शांत झाली, आणि दिवाकरने न राहवून पुढचं कडवं म्हणायला सुरुवात केली. ड्रायव्हरने आरशातून मागे पाहिलं.

"ओ भाऊ, संपलं ना गाणं. कायले ओढून राहिले?"

आणि बसमधल्या कोणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. दिवाकर हे मला हसत हसत सांगत होता. मी म्हटलं, तू त्या बसमधून खाली उतरून चालत का नाही गेलास? तो म्हणाला, हिंगणा लांब आहे गा.

*

गणपतीत एका मंडळाने बोलावलं. मी खूश होतो. म्हटलं, आता समोरासमोर आहेत, आता ऐकतील साले शेवटपर्यंत.

गाणं सुरू झालं आणि माणसं सोबत म्हणू लागली. दुसऱ्या कडव्याच्या मध्येच डावीकडच्या रांगांनी टाळ्या वाजवल्या आणि उठायला लागल्या. त्यांच्या कॅसेटमध्ये गाणं तिथे संपत होतं. उजवीकडचे त्यांना खाली बसवू लागले, कारण त्यांच्या कॅसेटमध्ये अजून दोन ओळी होत्या. त्या दोन ओळी झाल्यावर त्यांनीही टाळ्या वाजवल्या. दिवाकर डोळे मिटून तिसरं कडवं म्हणत होता आणि समोर खुर्च्यांचा खडखडाट चालला होता. माझा अकॉर्डियनचा भाता रागाने इतका ओढला गेला की गजू मागून म्हणाला, मास्तर, फाटन.

कार्यक्रम झाल्यावर एक शिकलेले गृहस्थ स्टेजमागे आले. चष्मा, सफारी, खिशाला पेन. दिवाकरचा हात हातात घेऊन म्हणाले, आवाज छान आहे तुमचा. फक्त एक सूचना करू का?

"शेवटी तुम्ही स्वतःचं काहीतरी जोडता. ते ओरिजिनल गाण्यात नाही."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात दिवाकर म्हणाला, हो का, बघतो. असा माणूस! याच्या वाट्याचाही राग मलाच करावा लागायचा.

*

दिवाकरचं एक गाणं लग्नांमध्ये फार चालायचं. "हळूच ये, पायरीवर रांगोळी ओली आहे," असं सुरू व्हायचं. दोन कडवी ऐकली तर नवरीच्या स्वागताचं गाणं. रिसेप्शनला हमखास वाजायचं. तिसऱ्या कडव्यात कळतं की गाणारा नवरदेव नाही. तो पंगतीत वाढतोय, आणि तिच्या पानापाशी आला की त्याचा हात थांबतो.

महाल भागातल्या एका लग्नात आम्हाला खास हेच गाणं म्हणायला बोलावलं. मी दिवाकरला आधीच म्हणालो होतो, इथे पैसे घेऊ नकोस आणि गाऊ पण नकोस. तो म्हणाला, बोलावलं तर जावं. गेलो. दोन कडव्यांपर्यंत सगळे डोलत होते. मग सवयीने त्याने तिसरं घेतलं.

स्टेजवरची नवरी रडायला लागली. साधं डोळे पुसणं नाही, खांदे हलवून. बायका धावल्या. एक आत्याबाई कौतुकाने म्हणाल्या, माहेर सुटते ना वं, पोरगी हळवी आहे. नवरीचा काका मात्र गाणं समजून ऐकणाऱ्यांपैकी निघाला. तोवर असा एकच माणूस आम्हाला भेटला आणि तोच आमच्या अंगावर आला. शुभकार्यात असलं कडवं म्हणता, अक्कल आहे का? आताच्या आता पहिली दोन परत म्हणा!

मी अकॉर्डियन खाली ठेवला आणि त्याला विचारलं की जे गाणं तुम्ही मागितलं ते म्हटलं, यात आमची चूक कोणती? गाणं अर्धंच ऐकायची सवय तुमची, आणि अक्कल आमची काढता? तो बाह्या सारू लागला. दिवाकरने मुकाट्याने पहिली दोन कडवी परत म्हटली. मी वाजवलं नाही. गजू बोंगो सोडून पंगतीकडे टक लावून बघत बसला होता. मी त्याला ढोसलं.

"थांबा ना मास्तर," तो म्हणाला, "वाढपी कोण कोण आहे ते पाहून राहिलो."

*

आता सायकलवाला. हे आठवलं की अजून माझं रक्त उकळतं.

दिवाकरचं दुसरं एक गाणं होतं सायकलचं. नवरा-बायको सायकलवरून फिरतात, तो घंटी वाजवतो, ती दारात येते, असं. एका सायकल दुकानदाराने ते परस्पर उचललं. रिक्षाला भोंगा बांधला आणि शहरभर फिरवलं. दोन कडवी झाली की मध्येच एक माणूस ओरडायचा, दुकानाचा पत्ता, आजच भेट द्या. सक्करदरा तलावापासून थेट स्टेशनपर्यंत हे चाललं होतं. माझ्या वर्गाच्या खिडकीखालून रिक्षा गेली तेव्हा मी फळ्यावर कलश काढत होतो. त्या कलशाला कान फुटले.

शाळा सुटताच मी दुकानात गेलो. विचारलं, या गाण्याचं तिसरं कडवं तुम्हाला माहीत आहे का? तो म्हणाला, नाही बा. मग मी त्याला भर दुकानात म्हणून दाखवलं. माझा आवाज वाईट आहे, पण रागात होतो. तिसऱ्या कडव्यात मिल बंद पडते. सायकल विकावी लागते. घंटी अजून रोज वाजते, पण ती शेजारच्या दारात.

दुकानदार हात बांधून ऐकत होता. त्याचा चेहरा गंभीर झाला. मला वाटलं, पोचलं. दिवाकरचं एक तरी कडवं एका तरी माणसापर्यंत पोचलं.

"बरं झालं सांगितलं," तो म्हणाला. "जुनी सायकल आपण घेतो ना. तेही टाकून देऊ रिक्षात."

*

मग कंपनीवाला आला. बाहेरगावची कॅसेट कंपनी. त्यांच्या माणसाने बिसनभाऊच्या दुकानात ऐकलं की नागपुरात दिवाकर म्हणून कोणी आहे, त्याला कोणी मागत नाही पण तो सगळ्यांकडे आहे. त्याला हे फार आवडलं. गाजलेल्या गाण्यांचा संच काढू म्हणाला. बाजारात विकायची छापील कॅसेट, वर फोटो, सगळं.

त्या दिवशी पहिल्यांदा मी दिवाकरला काही मागताना पाहिलं. इतकी वर्षं त्याने बसमध्ये ऐकून घेतलं, मांडवात ऐकून घेतलं. त्या माणसापुढे तो गिटार मांडीवर ठेवून म्हणाला, पैसे तुम्ही ठरवा, फोटो नसला तरी चालते, गाणी मात्र पूर्ण पाहिजे. कंपनीवाला म्हणाला, पब्लिकला तिसरं कडवं माहीतच नाही, त्याचं काय करायचं? तेव्हा दिवाकर जे बोलला ते मी विसरलेलो नाही.

"साहेब, माहं गाणं तिसऱ्या कडव्यातच आहे. पहिली दोन मी त्याले आणाले पाठवतो."

कंपनीवाला म्हणाला, वा. पूर्ण घेऊ. आणि खरंच पूर्ण घेतली. दोन दिवस आम्ही वाजवत होतो. मी शाळेतून रजा टाकली, दिवाकरने पाळी बदलून घेतली. प्रत्येक गाणं तिन्ही कडव्यांसकट झालं. शेवटच्या गाण्यानंतर दिवाकर बाहेर जाऊन उभा राहिला आणि बराच वेळ आत आला नाही. गजूनेही त्या दिवशी माझी टिंगल केली नाही.

दोन महिन्यांनी कॅसेट आली. कव्हरवर दिवाकरचा फोटो, मागे कुठली तरी डोंगररांग, जी आमच्यापैकी कोणी कधी पाहिलेली नव्हती. बिसनभाऊने मशीनमध्ये घातली. आम्ही तिघं उभे राहून ऐकत होतो. पहिलं कडवं, दुसरं कडवं, थोडं संगीत, आणि पुढचं गाणं सुरू! त्यानंतरचंही तसंच. कापलं होतं. तिसरं कडवं प्रत्येक गाण्यातून कापून काढलं होतं, म्हणजे जास्त गाणी बसतील. टेप संपली म्हणून गेलं असतं तर एक वेळ समजलं असतं. इथे माणसाने बसून, कान लावून, नेमकं तेच कापलं होतं.

मी कव्हर उलटं करून पाहिलं. मोठ्या अक्षरात छापलं होतं, 'संपूर्ण दिवाकर'.

*

त्या कॅसेटबद्दल तक्रारीही आल्या. कोणाला वाटेल तिसऱ्या कडव्याबद्दल आल्या असतील. छे!

एक गिऱ्हाईक कॅसेट परत घेऊन आलं. म्हणे, खराब आहे. बिसनभाऊने लावून दाखवली, चांगली वाजत होती. तो म्हणाला, नाही भाऊ, माझ्या घरच्या कॅसेटमध्ये या गाण्याच्या आधी एक कव्वाली येते. ती यात नाही. कव्वालीशिवाय हे गाणं अर्धवट वाटते.

मी तिथेच उभा होतो. बिसनभाऊने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच काउंटरवरची कात्री उचलून खालच्या खणात ठेवली.

*

शेवटचा किस्सा सांगतो. याला कोणी हसत नाही.

दिवाकरची सुट्टी होती. तो दुकानात बाकावर बसून गिटारला तारा लावत होता. मी बिसनभाऊशी भांडत होतो. रोजचंच भांडण. माझं म्हणणं, आपला जुना स्पूल आहे, त्यावरून तू स्वतः पूर्ण गाण्यांच्या कॅसेट भर आणि त्या कंपनीची एकही ठेवू नकोस. त्याचं म्हणणं, घेईन कोण?

तेवढ्यात एक बाई आली. तिशीची असेल. हातात नायलॉनची पिशवी, चपलांवर एसटी स्टँडची धूळ. नरखेडकडच्या एका गावाहून आली होती. डोळे तपासून झाल्यावर सासूला दवाखान्यातच बसवून, औषध आणते सांगून निघाली होती, त्यामुळे तिला घाई होती. तिने पिशवीतून ती छापील कॅसेट काढून काउंटरवर ठेवली.

"हे विहिरीचं गाणं पूर्ण नाही याच्यात," ती म्हणाली. "तिसरं कडवं कुठी आहे?"

मला काय झालं ते सांगता येत नाही. इतक्या वर्षांत तिसरं कडवं मागणारं पहिलं माणूस! मी बिसनभाऊला म्हटलं, बघ! घेईन कोण विचारत होतास ना, ही घे! मग बाईला विचारलं, तुम्हाला कसं माहीत की तिसरं आहे? ती म्हणाली, लग्नाच्या आंधी एकदा आमच्याकडे शाळेच्या मैदानात कार्यक्रम झाला होता, तवा आयकलं होतं. आम्ही खरंच एकदा तिकडे वाजवून आलो होतो.

मी बाकाकडे बोट दाखवून सांगितलं, गाणं यांचंच आहे. ती गोंधळली, पदर सावरला. दिवाकर उभा राहिला.

विहिरीचं ते गाणं सगळ्यांना पोरांचं गाणं वाटायचं. शाळेच्या गॅदरिंगमध्ये बसवायचे. एक मुलगी मळ्यातल्या विहिरीत वाकून आपलं नाव घेते आणि विहीर ते परत देते. दोन कडवी एवढंच. तिसऱ्यात ती मुलगी नाही. दुसरीच कोणी बाई त्या विहिरीवर पाणी भरते. ती वाकून स्वतःचं नाव सांगते, आणि विहीर परत देते ते पहिलीचंच.

"म्हणून दाखवता का?" तिने विचारलं.

दिवाकरने अर्ध्याच लागलेल्या तारांवर म्हटलं. फक्त तिसरं कडवं. रस्त्यावरून रिक्षा, सायकली जात होत्या आणि त्याचा आवाज तो तसाच मऊ, पण तिला पुढे वाकावं लागलं नाही. ती काउंटरला धरून, खाली बघत उभी होती. संपल्यावर म्हणाली, आणखी एकदा. त्याने पुन्हा म्हटलं. ती रडली वगैरे नाही. ओठ हलत होते, पाठ करत असावी.

इतक्यात बिसनभाऊने, ज्याने आयुष्यभर हे कडवं टेपबाहेर ठेवलं त्या बिसनभाऊने, स्वतःच्या हाताने कोऱ्या कॅसेटचं वेष्टन फोडून ती मशीनमध्ये घातली आणि माइक दिवाकरपुढे सरकवला. म्हणाला, ताई, पैसे नको, पूर्ण गाणं भरून देतो. मी तर त्याला मिठीच मारणार होतो.

"नका भरू," ती म्हणाली.

मला वाटलं, संकोच करते आहे. मी म्हटलं, अहो घेऊन जा, इतक्या दुरून आलात त्यासाठी. या कंपनीवाल्यांनी चोरलंय ते तुमच्याकडून. तुमचा हक्क आहे त्याच्यावर. माझा आवाज चढला होता.

"नको ना भाऊ. घरी कोणी आयकन." तिने मशीनमधल्या कोऱ्या कॅसेटकडे पाहिलं. "मले दुसरेपणावर देलं आहे. आमच्या वावरातली विहीर तीच आहे, पहिलीच्या वेळची. मोटर बसवली आता तिच्यावर."

बिसनभाऊचा हात मशीनच्या बटणावर होता तिथेच राहिला. दिवाकरने गिटार बाकावर ठेवली.

तिने काउंटरवरची छापील कॅसेट उचलली, पदराने पुसली आणि पिशवीत तळाला, सासूच्या औषधांच्या पुड्यांखाली घातली. मी विचारलं, मग ही तरी कशाला नेता, ही तर अर्धीच आहे.

"हेच राहू द्या," ती म्हणाली. "हे आमच्या मालकाईले लई आवडते. रोज लावाले सांगते मले."